देवाला न दाखवलेली भगर

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. साधा आहे. पण घरी पोहोचेपर्यंत उत्तर सापडलं, तर मला येऊन सांगा!

माणूस चुकला की त्याचा कान धरता येतो – खरं ना? लहानपणी आई धरते, शाळेत मास्तर धरतात, लग्नानंतर... जाऊ द्या! हसू नका, ज्यांचे धरलेले आहेत ते पुढंच बसलेत. पण मला सांगा, संस्था चुकली तर? देवस्थान चुकलं, दवाखाना चुकला, कचेरी चुकली – आणि त्या चुकीनं कुणाचा जीव गेला, कुणाची अब्रू गेली – तर कान कुणाचा धरायचा? संस्थेला पाटी असते. शिक्का असतो. वर्धापनदिन असतो! कान असतो का हो? नसतो. मग ती चूक जाते कुठं? हवेत विरते? नाही मंडळी. ती दार शोधत फिरते –

*थोरा घरी चूक । नाही तिज थारा ।*
*येते मग दारा । दुबळ्याच्या ॥*

म्हणा! टाळकरी, हात दुखतात का? म्हणा!

ही ओळ कुणा संताची नाही हं. आमच्याच वहीतली आहे, म्हणून चाल जरा अडखळते. पण खोटी नाही. कशी ते ऐका.

धोंडवाकडी नावाचं गाव. डोंगराच्या पायथ्याला करवंदीची जाळी, जाळीत सापडली पिंड, म्हणून देवाचं नाव करवंदनाथ. म्हणजे आपला महादेवच! त्याचं मोठं संस्थान. पाच विश्वस्त, अध्यक्ष आबासाहेब कोठुळे. आणि त्या संस्थानात सतरा वर्षं स्वयंपाक करणारा आचारी – मुक्ताराम.

हा मुक्ताराम कसा? पातेल्यावरच्या वाफेवरून मीठ ओळखणारा! चारशे माणसांची भगर हातावर तोलून शिजवावी आणि शितापासून शीत सुटं राहावं. बायको शेवंताबाई म्हणायची, "चारशे माणसांचा अंदाज बरोबर येतो, घरात दोघांचा चुकतो." घरोघरी हेच आहे मंडळी!

आता तिथला रिवाज नीट ध्यानात ठेवा. महाशिवरात्रीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी. आचाऱ्यानं शिजवायचं, पण चाखायचं नाही. नैवेद्याआधी जिभेला लागलं की उष्टं झालं! मग त्याच मोठ्या पातेल्यातून देवाचं ताट भरायचं. गुरवानं ते गाभाऱ्यात दाखवायचं, शंख वाजवायचा, आणि ताटातला घासभर परत आणून पातेल्यात कालवायचा. का? तर देवानं पाहिलेला घास सगळ्यांच्या घासात जावा. कालवलं की पातेलं प्रसादाचं झालं. मग आचाऱ्यानं चाखायचं. आणि मग पंगत. ताटात उरेल ते गुरवाचं, तो त्याचा मान.

म्हाताऱ्यांनी किती शहाणपणानं रिवाज घातला होता बघा! देवाचा मानही राहिला, आणि पंगतीआधी एका जाणत्या माणसाची जीभही लागली.

त्या महाशिवरात्रीला काय झालं? तास-मिनिटं सांगतो, कारण पुढं सगळे म्हणाले, "आठवत नाही बुवा!"

सकाळी सव्वानऊला आबासाहेब चुलीपाशी आले. म्हणाले, "मुक्ताराम, यंदा देवाचं ताट माझ्या घरून येतंय. सोवळ्यातलं. तू चुलीपासून हलू नकोस."

मुक्तारामाला नवल वाटलं. सतरा वर्षं ते ताट त्यानं स्वतः भरलेलं. पण अध्यक्षाला का म्हणून कोण विचारणार? तुम्ही विचारलं असतं? खरं सांगा!

साडेनऊला शंख वाजला. मुक्ताराम कालवायच्या घासाची वाट बघत उभा. दहा वाजले. साडेदहा. घास काही येईना! अकराला आबासाहेब पुन्हा हजर – "अरे, पंगत बसली, वाढ ना!"

"आबासाहेब, कालवायचं राहिलंय."

"शंख ऐकलास ना? देवानं पाहिलं म्हणजे सगळंच पाहिलं. वाढ!"

कालवलं नाही, म्हणून मुक्तारामानं चाखलंही नाही. पळी घातली आणि वाढलं. चार पंगती उठल्या. चारशे माणसं.

दुपारी अडीचला पत्रावळी उचलता उचलता ठकूमावशी भिंतीला टेकली. "डोळ्यापुढं अंधारी येतीय गं," म्हणाली आणि बसली ती उठलीच नाही. चारपर्यंत गावात घरोघरी उलट्या. कुणाचे हात थरथरतात, कुणाला उभं राहवत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून माणसं तालुक्याला नेली. मोजून चौसष्ट. त्रेसष्ट परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ठकूमावशी गेली. सत्तरीची बाई, उभा जन्म देवाच्या पत्रावळी लावल्या तिनं. देवाच्या दारात उपासाचा घास खायला बसली आणि –

विठ्ठल, विठ्ठल.

तिसऱ्या दिवशी संस्थानाच्या फळ्यावर खडूनं मजकूर आला. अक्षर सुरेख हं! "भगर शिजवताना आचाऱ्याच्या हातून हयगय झाल्याने भाविकांना त्रास झाला. संस्थान दिलगीर आहे."

वाचलंत? पुन्हा वाचा. चूक कुणाची? आचाऱ्याची. दिलगिरी कुणाची? संस्थानाची! म्हणजे पापही अंगाला लागलं नाही आणि मोठेपणाही मिळाला. आणि 'त्रास झाला'! अहो, माणूस मेलं! त्याला त्रास म्हणतात? मग ताप कशाला म्हणायचं?

पण गावानं वाचलं आणि गावानं मानलं. दुसऱ्या दिवसापासून मुक्ताराम रस्त्यानं निघाला की ओट्यावरच्या बाया पदर तोंडाला लावायच्या. आडावर शेवंताबाईची घागर बघून बाकीच्या घागरी सरकायच्या. कुणी म्हणे पाल पडली. कुणी म्हणे, "पडली कशाला? टाकली असंल!" ठकूमावशीचा मुलगा बळीराम – कालपर्यंत जो 'मुक्ताकाका, मुक्ताकाका' करायचा – तो समोर आला आणि पायाशी थुंकला. बोलला काही नाही.

आणि मंडळी, सगळ्यात वाईट काय सांगू? मुक्तारामालाही स्वतःचाच संशय आला!

संस्थान चुकलं की संस्थान शांत झोपतं. भला माणूस चुकला नसला तरी उठून बसतो. मुक्ताराम पातेल्यांशी गेला. कल्हई उडाली असंल? बोटानं चाचपली, उन्हात धरून पाहिली. तोंड दिसेल अशी लख्ख! आमटीचे शेंगदाणे? उरलेले पसाभर स्वतः खाल्ले, दिवसभर वाट बघितली – काही नाही. पाणी? त्याच आडाचं पाणी गाव रोज पितंय. मग पाल? सगळं पातेलं त्यानंच तळापर्यंत खरवडून वाढलं होतं. पाल असती तर पळीला लागली असती. मग काय? हातच वाईट झाले का? दोन्ही हात समोर धरून बसून राहायचा.

शेवंताबाई म्हणाली, "हाताकडं काय बघताय? हात बोलत न्हाईत. ज्यांना तोंडं हायेत त्यांच्याकडं बघा!"

पाचव्या दिवशी दुपारी आबासाहेब स्वतः घरी आले. घोंगडीवर बसले, पाणी प्यायले. शेवंताबाईनं ध्यानात ठेवलं, पाणी प्यायले! गाव या घरचं पाणी पीत नाही, आणि अध्यक्ष पितात? ज्याला भीती नाही त्याला काहीतरी माहीत असतं.

आबासाहेबांनी कागद काढला. "मुक्ताराम, सोमवारी तालुक्याहून चौकशीला साहेब येतायत. सभामंडपात, सगळ्यांसमोर, एवढ्यावर सही कर. 'माझ्या हातून चूक झाली.' बस. मी बघून घेतो. वर्षभरानं परत कामावर."

"पण आबासाहेब, मी काय केलं?"

"काय केलं, काय नाही, कुणी बघितलंय? अरे, देवाच्या नावाला बट्टा लागतोय! महादेवानं जगासाठी विष पचवलं. तुला एवढं पचवता येत नाही?"

बघा मंडळी! पुराण कुठं उपयोगी पडतं बघा! आम्ही कीर्तनकार उगाच घसा कोरडा करतो.

पण चुलीपुढून शेवंताबाई म्हणाली, "महादेव स्वतःहून प्याला, आबासाहेब. दुसऱ्यानं ओतलेलं कुणा तिसऱ्याच्या नावावर न्हाई घातलं."

आबासाहेब उठले. कागद तिथंच ठेवून गेले.

आता त्या कागदाचा अर्थ शेवंताबाईनं लगेच ओळखला. सही झाली की ठकूमावशीचं मरण मुक्तारामाच्या नावावर. फौजदार, कोर्ट, तुरुंग. नाही केली, तर गावात घागर बुडवू देणार नाहीत. इकडं आड, तिकडं विहीर!

सहाव्या दिवशी ती देवळामागून सरपण घेऊन आली, ती दारातूनच ओरडत. "अहो, संस्थानाच्या भिंतीवर गोण्या वाळत टाकल्यात!"

"मग?"

"धुतल्यात! साबण लावून! सतरा वर्षांत तुमी कधी त्या कोठीतली गोणी धुतल्याली बघितली?"

"न्हाई."

"मग यंदा काय त्यांचं लगीन काढलंय?"

मुक्ताराम तसाच उठला. भिंतीपाशी गेला, एका गोणीत तोंड घातलं. वर साबणाचा वास आणि खाली, शिवणीत – कुबट, बुरशीचा वास. गोणीच्या बुडाला चिखलाची रेघ. ही रेघ त्याच्या ओळखीची होती! श्रावणात कोठीत पाणी शिरलं तेव्हा खालच्या थराच्या गोण्यांना बसलेली रेघ. म्हणजे भगर गेल्या वर्षीची, भिजलेली, तशीच वाळलेली! त्याला मात्र कोठीबाहेर आणून मिळाली होती ती परातींतून. "निवडून ठेवलीय," म्हणून. चुलीवर ओल्या लाकडाचा धूर होता, नाक चोंदलेलं होतं. एकदा कुबट वास आल्यासारखं वाटलंही होतं. तो म्हणाला होता, लाकडाचा असंल.

पण गोणीचा वास कागदावर येत नाही मंडळी. आबासाहेब म्हणतील, भिजलेल्या गोण्या वेगळ्या. मग?

परत येताना देवळाच्या पायरीवर लिंबाजी गुरव बसलेला. सुपारी कातरत. टुणटुणीत! मुक्ताराम चार पायऱ्या पुढं गेला आणि थबकला. चारशे माणसं जेवली, चौसष्ट आजारी पडली, बाकीच्यांचीही पोटं कुरकुरली. आणि हा पंचाहत्तरीचा म्हातारा, त्याला साधी ढेकर नाही?

"लिंबाजीदादा, शिवरात्रीला तुमी काय जेवलात?"

"मी? देवाचं ताट. दुसरं काय जेवणार?"

"कशी होती भगर?"

"पांढरी. मोकळी. वर तुपाची धार. आबासाहेबांच्या घरची, का रं?"

"आणि पातेल्यात कालवायला घास आणला न्हाई तुमी?"

सुपारीवरचा अडकित्ता थांबला. "आबासाहेब म्हणाले, राहू दे, घाई हाय. ह्यात ते नको मिसळू, म्हणाले." म्हातारा बोलून गेला आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो. "मुक्ताराम, मी काय बोललो न्हाई हं. तू काय ऐकलं न्हाईस. ह्या वयात हे देऊळ सोडून मी कुठं जाऊ?"

मुक्ताराम खाली बसला.

मंडळी, लक्षात आलं का? त्यांना माहीत होतं! नकळत चूक झाली असती तर देवाचं ताटही त्याच पातेल्यातून गेलं असतं. त्यांनी देवाला वेगळी भगर शिजवली. म्हणजे ही भगर वाईट आहे हे ठाऊक होतं. देवाला दाखवायची लाज वाटली. माणसाला वाढायची वाटली नाही!

सोमवार उजाडला. सकाळी दहा. सभामंडप गच्च. तालुक्याचे साहेब खुर्चीवर, पाच विश्वस्त सतरंजीवर, कागद मधोमध. बळीराम खांबाला टेकून उभा, डोक्याचे केस काढलेले. लिंबाजी गुरव गाभाऱ्याच्या उंबऱ्यात, खाली मान घालून.

आबासाहेबांनी सुरुवात केली, "आपला मुक्ताराम मनानं मोठा माणूस आहे. तो आज देवासमोर –" आणि मग त्यांना आणखी जोर चढला. "लिंबाजी, पिंडीवरचं बेलपान आण. नुसती सही नको. बेल उचलून सांगू दे!"

अती तिथं माती, ती अशी मंडळी!

मुक्तारामानं बेलपान तळहातावर घेतलं. मोठ्यानं म्हणाला,

"करवंदनाथा, भगर माझ्या हातची. कालवायचं राहिलं, तरी मी वाढली, ही माझी चूक. कुबट वास आला आणि मी लाकडाचा म्हणून सोडला, हीसुद्धा माझी चूक. एवढं माझं. लिहा साहेब, एवढं लिहा. ह्याच्या पुढचं माझं न्हाई." आणि त्यानं ते पान आबासाहेबांपुढं धरलं. "आता तुमी एकच वाक्य म्हणा. देवाचं ताट ह्याच पातेल्यातलं होतं."

मंडपातल्या सगळ्या माना आबासाहेबांकडं वळल्या!

आबासाहेब हसले. "मी काय... संस्थानाच्या वतीनं मी –"

"संस्थानाच्या वतीनं न्हाई. तुमच्या हातानं."

"हे बघ, कोठीतली भगर कुठली काढायची हा ठराव मंडळाचा. चिटणीसांना विचार."

पान चिटणिसांकडं गेलं. चिटणीस म्हणाले, "मी फक्त लिहितो. ठरवतं मंडळ." पान तिसऱ्याकडं. तिसरे म्हणाले, "त्या बैठकीला मी उशिरा आलो." चौथे म्हणाले, "मी लवकर गेलो!" पाचवे जरा ऐकायला कमी – त्या दिवशी फारच कमी! पाच माणसं, दहा हात, आणि एक बेलपान उचलवेना. ते पान हातोहात फिरत फिरत गेलं कुठं? उंबऱ्यापाशी. लिंबाजी गुरवासमोर.

आता या म्हाताऱ्याचं सांगा! हा विश्वस्त नाही, ठराव याचा नाही. पान खाली ठेवलं असतं, कुणी विचारलं नसतं.

आबासाहेब हळूच म्हणाले, "लिंबाजी, निर्माल्यात टाक ते."

लिंबाजीनं पान बघितलं. पिंडीकडं बघितलं. म्हणाला, "आबासाहेब, साठ वर्षं झाली, शपथेला उचललेलं पान निर्माल्यात टाकत न्हाई मी." आणि उठून उभा राहिला. "देवाचं ताट अध्यक्षांच्या घरचं होतं. पातेल्यातलं नव्हतं. मला कालवू दिलं न्हाई. मी गप बसलो. ठकूबाईच्या मयताला खांदा दिला, तवाबी गप बसलो."

कुणीतरी ओरडलं, "मारा आबाला!" लोक उठले. आठ दिवस ज्यांनी मुक्तारामाकडं पाठ फिरवली होती, तेच आता बाह्या सारत पुढं! गर्दीला काय, कुणीतरी लागतं. परवा आचारी, आज अध्यक्ष.

मुक्ताराम आडवा उभा राहिला. म्हणाला, "थांबा. मारायच्या आधी मला एक सांगा. कडू लागली हुती का भगर?"

उगारलेले हात तसेच राहिले.

"मी चाखली न्हाई. पण तुमी तर खाल्लीत. चारशे जण. कडू लागली हुती का न्हाई?"

मागून एक म्हातारा खाकरला. "लागली हुती, बाबा. पहिल्याच घासाला. पर प्रसादाला नाव कसं ठेवायचं?"

"तो प्रसाद नव्हताच," मुक्ताराम म्हणाला. "देवानं तो पाह्यलाच नव्हता."

मग खांबाला टेकलेला बळीराम पुढं आला. आईच्या मरणानंतर पहिल्यांदा बोलला. साहेबांपुढचा कागद त्यानं उचलला, फाडला नाही हं! उलटा केला. कोऱ्या बाजूला बोट ठेवून म्हणाला, "साहेब, इथं लिहा. 'संस्थान' म्हणून लिहू नका. 'मंडळ' म्हणून लिहू नका. पाच नावं लिहा. कुणी कोठी उघडायला सांगितली, कुणी कागद केला, कुणाला ठाऊक हुतं नि गप ऱ्हायला. एकेकाचं एकेक. मुक्ताकाकाचं त्यानं सांगितलं तेवढं लिहा, जास्त न्हाई, कमी न्हाई. माझ्या आईला 'त्रास' झाला न्हाई. ती मेली. तसं लिहा."

आणि तसं लिहिलं गेलं मंडळी.

पुढचं गोड करून सांगत नाही. खटला सहा वर्षं चालला. दोघांना शिक्षा झाली, एक सुटला, एक निकालाआधीच वारला. पाचव्यांना अजून ऐकू येत नाही! फळ्यावरची ओळ आबासाहेबांना सगळ्यांदेखत स्वतःच्या हातानं पुसावी लागली, आणि खाली स्वतःचं नाव घालून नवी लिहावी लागली. मुक्ताराम परत चुलीवर गेला. आता धोंडवाकडीत भगर कालवल्याशिवाय पंगत बसत नाही, आणि कोठीची किल्ली एका खिशात राहत नाही. ठकूमावशी मात्र परत आली नाही. ती कशानं येणार?

आता तुमच्याकडं वळतो. चुळबूळ नको!

मघाशी आबासाहेबांना शिव्या देत होतात ना मनात? द्या. पण आबासाहेब पाचच असतात. कडू घास गिळणारे चारशे असतात. दवाखान्यात सुई टोचली, हात सुजला, आणि घरी येऊन म्हणालात, "डॉक्टरांना काय विचारायचं?" शाळेची भिंत झुकलेली रोज बघता, आणि म्हणता, "पंचायत बघेल." पंचायत म्हणजे कोण हो? तिच्यात तुमचाच मेहुणा आहे! आणि तुमच्यातले जे कुठल्या मंडळात, सोसायटीत, संस्थेत सह्या करता – अर्धे तरी आहात, मी कपाळं ओळखतो – ठराव सगळ्यांचा असेल, पण हात तुमचा आहे. देवापुढं ठराव उभा राहत नाही. हात उभा राहतो.

तुम्ही माना डोलावता. चांगलं आहे. डोलवायला काही लागत नाही.

आज इथं आरतीनंतर महाप्रसाद आहे, असं मघाशी जाहीर झालं. मंडपामागं मोठी पातेली चढलीत, वास मलाही येतोय. धान्य कुठल्या गोण्यांतलं? कुणी उघडून बघितलं? देवाचं ताट याच पातेल्यातून निघणार, की कुणाच्या घरून? मला ठाऊक नाही. तुमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा.

एकही नाही.

विश्वस्त मंडळी पुढंच बसलीत, त्यांनी राग मानू नये. ज्याचं चोख असतं, त्याला विचारलेलं आवडतं. तेव्हा आरती जरा थांबवू. पेटीवाले, भाता सोडा. मृदंग खाली ठेवा. तुमच्यातलं कुणीतरी एक उठा, मागं जा, गोणीत नाक घाला, आणि इथं येऊन सगळ्यांना सांगा.

मी बसलोय. कोण उठतं, बघतो.